कांबळे मिस्त्रीचं कॅरिअर

परवा माझ्या जुन्या गाडीवरचं कॅरिअर काढायला एक मेकॅनिक आला होता. गाडी विकायची ठरली होती आणि घेणारा म्हणाला, ते टपावरचं लोखंड तेवढं उतरवून द्या. मेकॅनिकनं पाना लावला, जोर काढला, नट हलेना. मग पान्याला पाईप घालून दोन्ही हातांनी हिसकलं, तरी नाही. शेवटी घाम पुसत मला म्हणाला, "काका, हे कुणी आवळलंय वो? माणसानं का मशीननं?"

"माणसानं," मी म्हटलं. "राहू दे ते. नको काढूस."

गाडी अजून दारातच आहे. बायको रोज बोलते, बोलू दे. आणि त्या दिवसापासून कांबळे मिस्त्री डोक्यातनं जाईना म्हणून हे लिहायला बसलोय. तसा मी कुशनवाला माणूस. गाड्यांच्या सीटा शिवण्यात जन्म गेला, लिहिण्यात नाही. टाका कुठं वाकडा पडला तर सांभाळून घ्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं दुकान, आणि दुकानाला लागून एक पत्र्याचं शेड. त्या शेडात कांबळे मिस्त्री. तो गाड्यांची कॅरिअरं करायचा. मी गाडीच्या आतलं बघायचो, तो गाडीच्या वरचं. नव्वद-एक्क्याण्णव साली त्यानं शेड घेतलं तेव्हा दारावर एक पाटी लागली, 'कांबळे कॅरिअर वर्क्स'. लाल अक्षरं, त्याला पिवळी सावली, अशी देखणी की मी दुकानातनं उठून बघायला गेलो. म्हटलं, "पेंटर कोण रे?" तर छाती पुढं काढून म्हणाला, "आमचा आनंदा. धाकटा भाऊ." स्वतःच्या कामाचं त्यानं कधी इतकं कौतुक करून घेतलं नाही. मला तो पहिल्या दिवसापासनं 'शेट' म्हणायचा. मी जैनाचा, मगदूम, म्हणून शेट. खिशात काय दमडी आहे ते त्याला माहीत होतं, तरी शेटच. "काय शेट, च्या सांगतोस का मी सांगू?" अशी आमची सकाळ व्हायची.

माणूस लांबडा, काटकुळा. शर्टाला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोकं पडलेली. डावी भुवई एकदा जळाली ती पुन्हा नीट आलीच नाही, त्यामुळं सतत कसलं तरी नवल करतोय असं तोंड दिसायचं. पँटच्या खिशात दोन पाने कायम. लग्नाला गेला तरी दोन पाने, मयतीला गेला तरी दोन पाने. वहिनी, म्हणजे त्याची बायको शांता, धुवायला कपडे घेताना आधी ते पाने काढून ठेवायची आणि म्हणायची, "ही माझी सवत."

त्याचं काम बघत बसावं असं होतं. गाडी आली की आधी तिच्याभोवती एक फेरी. मग टपाच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून जायला जी पन्हळ असते, ती पूर्ण बोटानं चाचपायची. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीतच बसतात, सगळा भार तिच्यावर. ती गंजलेली लागली की गाडी परत. "हिच्या पन्हळीत जीव न्हाई. आधी पत्र्याचं बघून घ्या, मग या." गिऱ्हाईक तणतणत दुसरीकडं जायचं. हा ढिम्म. पाईप वाकवायचा, पट्ट्या जोडायचा, प्रत्येक सांधा कानशीनं घासून त्यावरनं तळहात फिरवायचा. पाय पन्हळीत बसवून खालनं क्लॅम्प, आणि लोखंड नि पत्रा यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा रबराचा तुकडा. टपाला भोक म्हणून पाडायचा नाही. दुसरे पाडायचे, काम लवकर व्हायचं. हा म्हणायचा, "डोक्याला भोक पाडून कोण टोपी घालतंय काय?"

कॅरिअर बसलं की गिऱ्हाईक नारळ काढायचं. मिस्त्री बाजूला व्हायचा. त्याच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतलेला, घरात बुद्धाची तसबीर, नारळ-लिंबू हा प्रकार नाही. "तुमचा नारळ तुम्ही फोडा पावणं. माझं कॅरिअर नारळावर न्हाई, नटावर चालतंय." असं तोंडावर सांगायचा. एखादा रागवायचाही. पण मग मिस्त्री जे करायचा ते बघून राग कुठल्या कुठं जायचा.

चपला काढायच्या, बॉनेटवर एक पाय, आणि गडी कॅरिअरवर. तिथं उताणा झोपायचा. दोन्ही हात छातीवर, डोळे मिटलेले, पाय मागं वीतभर बाहेर. आणि वरनं ओरडायचा, "हं, घ्या गाडी!" मालकानं गाडी चालू करायची, हळूहळू चौकापर्यंत न्यायची, वळवून परत आणायची. मिस्त्री वर तसाच. हातानं काही धरायचं नाही, हा त्याचा नियम. चहाच्या गाड्यावरची माणसं उठून बघायची. कोण म्हणायचं, "मिस्त्री, जागं हायसा न्हवं?" तो डोळे न उघडता म्हणायचा, "गप, झोप मोडू नका." परत आला की खाली उतरायचा, कपडे झाडायचा आणि मालकाला म्हणायचा, "मी पेललो, तुमचं सामान पेलतंय. आता आठ दिसांनी परत या. रबर बसतंय, परत आवळाय लागतंय."

खरं सांगायचं तर मला त्याचा लई अभिमान वाटायचा. माझ्याकडं सीट शिवायला आलेल्याला मी आपणहून सांगायचो, "कॅरिअर करायचं तर शेजारी करा. करणारा स्वतः झोपतो त्याच्यावर, आणखी काय पाहिजे?" मिस्त्री कधी कंटाळा करू लागला तर मीच ओरडायचो, "झोप की रे, लोक थांबल्यात!" हे मी का सांगतोय ते पुढं कळेल.

आठ दिवसांनी परत कोण येणार? कुणी यायचं नाही. मग हाच जायचा. नवव्या दिवशी सायकल काढायची, दोन पाने खिशात, आणि गाडी जिथं असेल तिथं. लांब असेल तर एसटीनं. जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यानं नव्या गाडीला कॅरिअर करून नेलं होतं आणि फिरकला नव्हता. मिस्त्री तिकडं पोचला तर दारात मांडव, आत लग्न, आणि तीच गाडी फुलांनी मढवून नवरीसाठी उभी. ह्यानं मागचापुढचा विचार केला नाही. फुलांच्या माळा बाजूला सारून चढला वर. नवरीच्या मामानं बघितलं, "अरे, चोर चोर!" म्हणून बोंब ठोकली. दहा जण धावले. मिस्त्री वरनं म्हणतोय, "आवो चोर न्हवं! आठ दिस झालं. तुम्ही आला न्हाईसा, म्हणून मी आलोय!"

ही हकिगत तो आम्हाला नाचून दाखवायचा. मी विचारलं, "मग जेवलास का लग्नात?" म्हणाला, "जेवलो की. त्या व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्यानं नाव इचारलं, मी सांगितलं कांबळे. मग ताट गाडीपाशी आणून दिलं." हसतच होता. आमच्या जैनांतलीच माणसं ती. माझं तोंड बघून तोच म्हणाला, "वाईट कशाला वाटून घेतोस शेट? बाहेर बरं हुतं. गाडी दिसत हुती, आत कुठं नट दिसत्यात?"

आता त्याच्या दुसऱ्या नियमाचं सांगतो. टपावर माणूस बसवायचा नाही. त्या काळात आमच्या भागात वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपगाड्यांचा जोर. आत पंधरा माणसं कोंबायची, मागं लोंबकळत चार, आणि टपावर सहा-सात. जीपवाले यायचे ते म्हणायचे, "मिस्त्री, दोन फुटी कठडा करा, मागं शिडी करा." मिस्त्री कठडा चार बोटांचा करायचा. पोतं घसरू नये एवढाच. "कठडा केला की माणूस धराय हात घालतंय. शिडी केली की पाय घालतंय. कॅरिअर सामानाला हाय. माणसाला आत सीट हाय, ती आमच्या शेटनं शिवल्या." कैक जीपवाले हातचे गेले. जे राहिले त्यांच्याकडनं तो वचन घ्यायचा, "माणूस बसवणार न्हाई म्हणा." ते म्हणायचे, "न्हाई बसवत," आणि फाट्यावर गेले की बसवायचे. चार बोटांच्या कठड्याला धरून लोक बसायचे.

आनंदा त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. आई-वडील लवकर गेले, ह्या दोघा नवरा-बायकोनीच त्याला वाढवला. वहिनीला पोरबाळ झालं नाही, तेव्हा भाऊ म्हणा, मुलगा म्हणा, आनंदाच. तो वारणानगरला कामाला लागला होता. सुट्टीच्या दिवशी शेडात यायचा आणि दुपारभर कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर ब्रशनं 'कांबळे कॅरिअर, कोल्हापूर' लिहीत बसायचा. बोलका, हसरा. समोरच्याकडं तोंड करून, हातवारे करत बोलायची सवय. चालताना सुद्धा उलटा चालत आपल्याशी बोलायचा. मिस्त्री ओरडायचा, "अरे पुढं बघ की, धडकशील!" आनंदा म्हणायचा, "दादा, पुढचं तू बघतोयस की."

त्याला सुद्धा मिस्त्रीनं बजावलं होतं, वडापनं जा, पण आत बस. आनंदा हो म्हणायचा. लग्न ठरलं होतं त्याचं. वहिनी भांडी-कपडे बघत फिरत होती, आणि माझ्याकडं मिस्त्रीनं एक गादी सांगितली होती. "आमच्या आनंदाच्या कॉटला. चांगली भरीव कर शेट, कापूस कमी घालशील." मी मापं घेऊन ठेवली होती.

ऊसतोडीचे दिवस होते. दुपारी तीनचा सुमार. वाठारकडनं एक जीप येत होती, टपावर सहा माणसं. समोरनं उसाची ट्रॉली, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. रस्ता अरुंद. जीपवाल्यानं कडेला घेतली, वरच्या पाच जणांनी डोकी खाली घातली. सहावा आनंदा. तो ट्रॉलीकडं पाठ करून बसला होता, बाकीच्यांना काहीतरी सांगत होता. त्याला दिसलंच नाही. उसाच्या बुडख्यांनी त्याला टपावरनं ओढून काढलं आणि तो डांबरीवर डोक्यावर पडला. जागेवरच गेला.

निरोप माझ्या दुकानातल्या फोनवर आला. शेजारच्या शेडात जाऊन मला सांगावं लागलं. मिस्त्रीच्या हातात वेल्डिंगचा चिमटा होता. त्यानं तो खाली ठेवला, मशीन बंद केलं, चष्मा काढला. मग म्हणाला, "कुठल्या गाडीवर हुता?"

मी म्हटलं, "मिस्त्री, आधी चल."

"शेट, गाडी कुठली?"

सांगितलं. ती जीप त्याला पाठ होती. कॅरिअर त्याचंच होतं.

सगळं उरकल्यावर चौथ्या दिवशी मला म्हणाला, "मला ती गाडी बघायची हाय." मी नको म्हटलं, तर एकटाच निघाला, म्हणून मी बरोबर गेलो. जीप मालकाच्या दारात उभी होती. मालक आम्हाला बघून आतच गेला. मिस्त्रीनं खिशातनं पाना काढला आणि एकेक नट बघायला लागला. हा घट्ट. तो घट्ट. चारही पाय तपासले, आठही बोल्ट. मग कॅरिअरला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. सगळी जीप हलली, कॅरिअर हललं नाही. तो तिथंच चाकापाशी खाली बसला.

"शेट, एक तर ढिला असाय पायजे हुता रं," म्हणाला. "एक तर. माझी चूक म्हणून रडलो असतो. सगळं घट्ट हाय."

तेवढ्यात मालक बाहेर आला. मोठा बाप्या, पण पोरासारखा रडत होता. मिस्त्रीच्या पायाला हात लावायला लागला. मिस्त्रीनं त्याला एवढंच विचारलं, "आत जागा नव्हती व्हय?"

"हुती की वो मिस्त्री! पुढच्या सीटवर जागा हुती. मी म्हणलं, आनंदा, आत बस, तुझा दादा मला जित्ता ठेवायचा न्हाई. तर त्यो म्हणला, 'वर वारं लागतंय. दादाचं कॅरिअर हाय. दादा झोपतंय ह्याच्यावर, मला बसाय काय झालं?'"

मिस्त्रीनं मान खाली घातली. बराच वेळ तो पान्यानं मातीत रेघा ओढत बसला. येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तोंडानं सांगत हुतो बसू नका. आणि झोपून दाखवत हुतो. माणसं तोंडाचं ऐकतील काय डोळ्यांचं बघतील?"

'झोप की रे' म्हणून ओरडणारा मीच होतो. तेव्हा ते मी त्याला बोललो नाही आणि पुढंही कधी बोललो नाही. त्याला ते माहीत होतं, आणि त्यानंही कधी काढलं नाही. ही खंत माझ्याबरोबरच जाणार.

महिनाभर शेड बंद होतं. मग उघडलं. काम तेच, तेवढंच चोख, पण कॅरिअरवर झोपणं संपलं. शेडाच्या मागं त्यानं वाळूची सहा पोती भरून ठेवली. कॅरिअर झालं की पोती वर चढवायची, गाडी चौकापर्यंत फिरवायची, पोती उतरवायची. सगळं एकट्यानं. एकदा इचलकरंजीचा एक जण हट्टच धरून बसला, "मिस्त्री, झोपून दाखवा की! आम्ही त्याच्यासाठी आलोय लांबनं." मिस्त्री उठला आणि शेडाच्या मागं गेला. दहा मिनिटं येईना. मी जाऊन बघितलं तर पोत्यांवर डोकं टेकून हुंदके देत होता. मी बाहेर येऊन त्या पावण्याला अशा शिव्या घातल्या की तो गाडी घेऊन पळाला. एक गिऱ्हाईक गेलं ते गेलं.

वहिनी एकदा दुकानात आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "भावजी, जरा समजावून सांगा वो तुम्ही. घरात कॉटवर झोपत न्हाईत. जमिनीवर झोपत्यात. कॉटवर झोपा म्हटलं की उठून बसत्यात." आनंदासाठी मापं घेतलेली ती गादी मी नंतर शिवून तिच्याकडं दिली. ती तिनं कॉटवर घातली. त्यावर कोणीच झोपलं नाही म्हणे.

मग त्यानं एकेक उपाय काढायला सुरुवात केली. आधी प्रत्येक कॅरिअरला मागच्या बाजूला पत्र्याची पाटी जोडायला लागला, 'यावर माणूस बसू नये'. अक्षरं स्वतःच रंगवायचा. वेडीवाकडी, 'माणूस' मोठा आणि 'नये' कोपऱ्यात चेंगरलेलं. देखणं लिहिणारा राहिला नव्हता. मी म्हटलं, पेंटरला दे, तर म्हणाला, "नको. हे माझंच काम हाय." पुढं आम्ही बघितलं तर त्याच पाटीवर पाय ठेवून लोक टपावर चढत होते. मग त्यानं तळाच्या पट्ट्या आडव्या घालायच्या सोडून उभ्या धारेवर घातल्या. ट्रंकेला नि पोत्याला काही होत नाही, पण माणूस बसला तर रुतावं. लोकांनी गोणपाट टाकलं आणि बसले. एक जीपवाला तर माझ्याकडं आला, टपावर घालायला फोमची गादी शिवून द्या म्हणून. मिस्त्री शेजारनं ऐकत होता. मी त्या माणसाला म्हटलं, "माझी सुई मोडली." दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं न विचारता चहा सांगितला.

दोन हजार सालानंतर गाड्या बदलल्या. गुळगुळीत टपाच्या, पन्हळ नसलेल्या. मिस्त्री अशा गाडीभोवती फेरी मारायचा, कडेनं बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "हिला धरायचं कुठं?" खोक्यातनं तयार कॅरिअरं यायला लागली. शेडात आठवड्याला एक काम, मग महिन्याला एक. माझी थोरली पुण्याला नोकरीला निघाली तेव्हा मी ही जुनी गाडी घेतली. पन्हळवाली बघून घेतली, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. सामान न्यायला कॅरिअर पाहिजे म्हटल्यावर माणूस खुलला. दोन दिवस खपला. रबर कापताना हात थोडा थरथरत होता, पण क्लॅम्प बसवून पाना हातात घेतला की थरथर थांबायची. वाळूची पोती चढवून चौकापर्यंत फेरी झाली. आणि नवव्या दिवशी सकाळी सायकल दारात. घर दुकानापासनं दहा मिनिटांवर, रोज भेटणारा माणूस. मी म्हटलं, "अरे, दुकानात आवळलं असतंस की!" म्हणाला, "गाडी कुठं हाय, तिथं यायचं असतंय."

दर वर्षी आनंदा गेला त्या तारखेला तो एसटीनं त्या जागी जायचा. वहिनी घरातच मेणबत्ती लावायची, हा तिकडं रस्त्याच्या कडेला जाऊन थोडा वेळ उभा राहायचा. पुढं एका वर्षी त्याला दम लागत होता, म्हणून मी म्हटलं, माझ्या गाडीनं जाऊ. गेलो, थांबलो. येताना वाठारच्या फाट्यावर चहाला उतरलो.

फाट्यावर वडापची एक जीप भरत होती. जुनी, रंग उडालेली. आत माणसं गच्च, टपावर पाच-सहा जण. मिस्त्रीनं चहाचा ग्लास तसाच ठेवला आणि चालू लागला. मी मागनं. कॅरिअर मी पण ओळखलं. मागच्या पट्टीवर लाल अक्षरं अजून अर्धीमुर्धी दिसत होती, आनंदाच्या हातची. पाटी लावायच्या आधीचं काम ते.

मिस्त्री खालनं म्हणाला, "पावणं, उतरा की खाली. वर बसू नगासा."

वरचे हसले. एक जण, तिशीतला असेल, म्हणाला, "आवो आजोबा, काय हुत न्हाई. हे कॅरिअर कुणाचं हाय म्हाईत हाय काय? कोल्हापूरच्या कांबळे मिस्त्रीचं हाय. त्यो मिस्त्री सवता झोपायचा ह्याच्यावर. छातीवर हात ठेवून!"

मी "अरे, हाच तो..." म्हणेपर्यंत मिस्त्रीनं माझा दंड धरला. त्या वयात केवढी पकड! "गप शेट," म्हणाला.

मग त्यानं खिशातनं पाना काढला. जीपच्या एका बाजूनं सुरुवात केली. पुढचा पाय, मागचा पाय, वळसा घालून पलीकडचे दोन. वरची माणसं पाय बाजूला घेत होती, आणि हा त्यांच्या पायांखालचे नट आवळत होता. दोन ढिले झालेले निघाले. एकानं विचारलं, "गॅरेजवाले काय आजोबा तुम्ही?"

"व्हय," मिस्त्री म्हणाला.

आवळून झाल्यावर तो दोन पावलं मागं सरला. धाप लागली होती. वर बघून म्हणाला, "उतरत न्हाईसा तर न्हाई. पर एक करा. दोन्ही हातांनी धरा. आणि पाठ करून कोण बसू नका. पुढं तोंड करून बसा. पुढनं काय येतंय ते दिसाय पायजे." माणसं हसायची थांबली.

ड्रायव्हरनं जीप चालू केली. टपाच्या मागच्या कडेला तो मघाचाच बोलणारा बसला होता, रस्त्याकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून. जीप हलली. तो मिस्त्रीकडं बघत होता. काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, त्यानं एक हात कठड्याला लावला, मग दुसरा, आणि बसल्या जागी फिरून पुढं तोंड केलं.

मिस्त्री रस्त्यात तसाच उभा होता, पाना हातात. ट्रकवाला हॉर्न मारत होता. मी हाताला धरून त्याला कडेला घेतलं. पुढच्याच पावसाळ्यात तो गेला, पण माझ्या डोळ्यांपुढं येतो तो असाच, फाट्यावर, जीपच्या धुळीत, वाकडी भुवई वर चढलेली. माझा हात घट्ट धरून तो म्हणत होता,

"फिरला बग शेट. फिरला त्यो."